बारा सेकंद आणि गंगाजळी

अकरा गुणांच्या सामन्याला प्रत्येकी २२ मिनिटं, शिवाय दर पाळीला १२ सेकंदांचा डिले. बॅकगॅमन म्हणजे दोघांनी फासे टाकून आपल्या सोंगट्या आधी पटाबाहेर काढायचा खेळ, आणि अमेरिकेतल्या त्याच्या स्पर्धांत आता हा हिशोब सर्रास चालतो: जितक्या गुणांचा सामना, त्याच्या दुप्पट मिनिटं. सात गुणांना १४, पंधरा गुणांना ३०. घड्याळ बुद्धिबळवाल्यांचंच असतं. आपली पाळी आली की आधी ते १२ सेकंद सरतात आणि ते सरल्यावरच आपल्या मिनिटांना हात लागतो. नवव्या सेकंदाला खेळून बटण दाबलं तर उरलेले तीन जमा वगैरे होत नाहीत, गेले ते गेले. मिनिटं शून्यावर आली की सामना गेला, मग पटावर तुम्ही कितीही वरचढ असा.

नियम एवढाच, समजायला दोन मिनिटं पुरतात. तो हाताला आणि डोक्याला लावून घेणं हे मात्र निराळंच काम निघालं.

मी हा खेळ शिकले डिअरबॉर्नमध्ये. डेट्रॉइटला खेटून असलेलं हे गाव, फोर्डचं मुख्यालय इथलंच, आणि अमेरिकेतली अरब वस्ती म्हटलं की पहिलं नाव याचंच निघतं. ऑफिसातला एक लेबनीज सहकारी शुक्रवारी संध्याकाळी आम्हाला कॉफीच्या दुकानात घेऊन जायचा. तिथं बॅकगॅमनला तावला म्हणतात. फासे शेंगदाण्याएवढे, कप नाही, हातानंच टाकायचे. दान फारसी-तुर्की आकड्यांत पुकारायचं, ‘शेश-बेश’, ‘दू-शेश’, आणि आकडा तोंडातून बाहेर पडेस्तोवर सोंगट्या हललेल्या. घड्याळाचा पत्ता नाही, कारण गरजच नाही. तुम्ही जरा थबकलात की मागे उभी असलेली मंडळी तुमच्या वतीनं सोंगटी हलवायला हात पुढे करतात. मला तो वेग आवडायचा. नाशिकला आजीबरोबर सारीपाट खेळताना ती कवड्या टाकायच्या आधी देवाचं नाव घ्यायची, तेवढ्या वेळात इथं अर्धा डाव होतो.

मग डेट्रॉइटच्या उपनगरातल्या एका क्लबात जायला लागले आणि तिथं दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. एक क्यूब, म्हणजे डाव दुप्पट करायचा ठोकळा (समोरच्यानं तो घ्यायचा, नाहीतर डाव सोडून द्यायचा), आणि दुसरं घड्याळ. तावल्याच्या टेबलावर दोन्ही नव्हते. क्यूबनं खेळात विचार करायला भाग पाडलं आणि घड्याळानं त्या विचाराला भाडं लावलं.

आधी हातांचं सांगते, कारण याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. घड्याळ लावून खेळताना फाशांची एकच जोडी दोघांत असते. समोरचा त्याची चाल पुरी करतो, बटण दाबतो, फासे तिथंच पटावर सोडतो. आता तुमचे सेकंद सुरू. क्यूब फिरवायचा का हे ठरवायचं. नसेल फिरवायचा तर फासे उचलायचे, कपात घालायचे, नीट खळखळवायचे, टाकायचे. एखादा फासा सोंगटीवर तिरका टेकला तर पुन्हा टाकायचा, तुमच्याच वेळात. मग दान बघायचं, चाल ठरवायची, सोंगट्या हलवायच्या, बटण दाबायचं. या सगळ्यात उचलणं, खळखळवणं आणि हलवणं यांतच चार-पाच सेकंद जातात. म्हणजे १२ सेकंद म्हणताना डोक्यासाठी उरतात सहा-सात, आणि त्या सहा-सातांत निर्णय दोन घ्यायचे असतात: फासे टाकण्याआधी क्यूबचा, टाकल्यावर चालीचा.

घरी डीजीटी ३००० घेऊन ठेवलं. मधोमध वर-खाली होणारी पट्टी असलेलं हे घड्याळ बुद्धिबळाच्या स्पर्धांत सगळ्यांनी पाहिलेलं असेल. त्यात डिलेचा प्रकार बरोबर निवडावा लागतो. चुकून फिशर लागलं तर न वापरलेले सेकंद मिनिटांत मिळत जातात आणि दोघंही नकळत श्रीमंत होतात. म्हणून सामना सुरू होताना पहिल्या दोन चालींत मी आकड्याकडे बघते. मिनिटं वाढताना दिसली तर घड्याळ थांबवून डायरेक्टरला बोलवायचं. मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याला बॅकगॅमनमध्ये काडीचा रस नव्हता, घड्याळ बडवण्यात मात्र फार. त्याच्याबरोबर मी डिले आठ सेकंदांवर लावून खेळायचे. आठात हात बसला की बारा ऐसपैस वाटतात.

मग एकदा मांडला हिशोब. एका डावात आपल्या पंचवीसेक पाळ्या सहज होतात. प्रत्येक पाळीचे १२ सेकंद पुरेपूर वापरले तर एका डावाची पाच मिनिटं झाली. अकरा गुणांच्या सामन्यात डाव किती होतील हे क्यूबवर आणि गॅमनवर (समोरच्याची एकही सोंगटी बाहेर निघायच्या आत डाव जिंकला की दुप्पट गुण, तो गॅमन) अवलंबून, पण सात धरा. पस्तीस मिनिटं. म्हणजे घड्याळावर मोठ्या अक्षरांत दिसणाऱ्या २२ मिनिटांपेक्षा न दिसणारा डिलेच जास्त आहे. डिले ही रोजची मिळकत आणि २२ मिनिटं ही गंगाजळी. संसार मिळकतीवर चालला पाहिजे, गंगाजळीला हात लावायचा तो घर घेताना किंवा कुणी दवाखान्यात असताना. हे एकदा मनात पक्कं बसल्यावर बाकीचं शिकणं म्हणजे कुठला निर्णय घर घेण्याएवढा मोठा आणि कुठला भाजी घेण्याएवढा, ते ओळखणं.

ते ओळखायला मला संगणकाची मदत झाली. क्लबातले माझे काही सामने फोनवर चित्रित केले, घरी येऊन चाली एक्स्ट्रीम गॅमन या चाली तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये भरल्या आणि शेजारी प्रत्येक पाळीला लागलेले सेकंद लिहिले. काम कंटाळवाणं आहे, पण एवढ्या कष्टाला इतकं फळ या खेळात दुसरीकडे मिळालं नाही. प्रोग्राम प्रत्येक निर्णयाची किंमत सांगतो आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढून परफॉर्मन्स रेटिंग देतो, जितकं कमी तितकं चांगलं. चाळीस-पन्नास सेकंद घेतलेल्या बहुतेक पाळ्यांत माझ्यासमोर दोन चाली असायच्या आणि दोघींत फरक गुणाच्या एक-दीड शतांशाचा. कुठलीही खेळली असती तरी चाललं असतं. फरक एवढासा होता म्हणूनच तर माझं ठरत नव्हतं! उलट क्यूबचे निर्णय पाच सेकंदांत उरकलेले, आणि तिथं एकेका निर्णयात दहा शतांश, पंधरा शतांश हलत होते.

त्यावरून एक नियम लावून घेतला: वीस सेकंद बघूनही दोन चाली सारख्याच वाटत असतील तर जी पहिल्यांदा दिसली ती खेळायची. क्लबातल्या एका जुन्या खेळाडूला हे अजिबात पटत नाही. त्याचं म्हणणं, सारख्या वाटतात कारण तुला फरक दिसत नाही, फरक नसतो असं नाही. बरोबर आहे त्याचं. पण जो फरक मला विसाव्या सेकंदाला दिसत नाही तो साठाव्यालाही क्वचितच दिसतो, हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

मॉन्टे कार्लोला होणाऱ्या जागतिक स्पर्धेच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफितीही त्या काळात नव्या नजरेनं पाहिल्या. आधी मी चाली बघायचे, आता बघत होते घड्याळ. ३-१ आलं की पाचचं घर, ४-२ आलं की चारचं, ६-१ आलं की बार पॉइंट, म्हणजे सातचं घर, या चाली हात आपोआप खेळतात. पहिल्या मारामारीनंतर जेव्हा ठरवायचं असतं की हल्ला चढवायचा, भिंत बांधायची की अँकर (समोरच्याच्या बाजूला दोन सोंगट्यांनी धरलेलं घर) धरून बसायचं, तिथं माणूस थांबतो. क्यूब फिरवण्याआधी थांबतो. समोरच्याची सोंगटी अजून मागे अडकलेली असताना आपल्या सोंगट्या बाहेर काढायच्या असतील तर थांबतो. बाकी सगळा खेळ मिळकतीवर.

सगळ्यात मोठा फायदा मात्र झाला तो समोरच्याच्या वेळात काय करायचं हे कळल्यावर. बुद्धिबळात प्रतिस्पर्धी विचार करत असताना तुम्ही त्याच्या दोन-तीन चाली धरून आपलं उत्तर शोधू शकता. इथं त्याची चाल झाली तरी तुमचं दान पडायचं असतं, आणि दानं २१ प्रकारची. चाल आधी ठरवणं व्यर्थ. पिप मोजणं मात्र तेव्हाच करायचं.

पिप म्हणजे सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला अजून किती घरं चालायची त्याची बेरीज. सुरुवातीला दोघांची १६७. एकेक सोंगटी मोजत बसलं तर दोन्ही बाजूंना मिळून मिनिटभर लागतं, आणि ते मिनिट गंगाजळीतून जातं. त्यावर उपाय म्हणजे सोंगट्यांचे गट पाडून मोजणं. चारपासून आठपर्यंतच्या पाच घरांवर दोन-दोन सोंगट्या असतील तर मधलं घर सहा, सोंगट्या दहा, झाले साठ. आपलं सहा घरांचं अंगण (जिथून सोंगट्या बाहेर निघतात ती शेवटची घरं) दोन-दोन सोंगट्यांनी भरलं असेल तर बेचाळीस. असे आठ-दहा आकार पाठ झाले की उरलेल्या दोन-चार सोंगट्या इकडच्या तिकडे सरकवून बेरीज जुळवता येते. हे मी लोकलमध्ये पाढे म्हणणाऱ्या पोरासारखं करत राहिले. इथं लोकल नाही म्हणून स्वयंपाक करताना, फ्रिजवर लावलेल्या चित्रांवरून.

याचा उपयोग कसा होतो ते जुलैत झालेल्या एका मोठ्या स्पर्धेतल्या सामन्यावरून सांगते. डेट्रॉइटच्या परिसरातलंच हॉटेल, तीन-चार दिवसांची स्पर्धा, सामना अकरा गुणांचा. समोर सत्तरीचे एक गृहस्थ, ओहायोहून आलेले, हात किंचित थरथरणारे, बोलणं अगदी मोजकं. घड्याळ कोणत्या बाजूला ठेवायचं हे त्यांनी मला ठरवू दिलं.

तिसऱ्या डावात दोघांच्या सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्या आणि नुसती शर्यत उरली. त्यांची पाळी होती. ते फासे खळखळवत असताना मी मोजून ठेवलं: माझे ८४, त्यांचे १००. त्यांना पडलं ५-२. सात वजा, ९३. आता शर्यतीचा ठोकताळा असा की आपल्या बेरजेच्या आठ टक्के पुढे असलो तर क्यूब द्यावा, आणि समोरचा बारा टक्क्यांपर्यंत मागे असला तर त्यानं तो घ्यावा. ८४चे आठ टक्के म्हणजे पावणेसातच्या आसपास, बारा टक्के म्हणजे दहा. मी नऊनं पुढे. त्यांनी बटण दाबलं, मी क्यूब दोनवर फिरवून पुढे सरकवला, बटण दाबलं. चार सेकंद लागले असतील. माझ्या मिनिटांना धक्का नाही, आणि आता घड्याळ त्यांचं चालू. ते मोजायला बसले. बोट न लावता, नुसत्या नजरेनं, एकदा माझी बाजू, एकदा त्यांची, पुन्हा माझी. डिले संपला, मग मिनिटं पळू लागली आणि जवळपास दोन मिनिटं त्यांनी त्यात घातली. शेवटी क्यूब स्वतःकडे ओढून बटण दाबलं. माझे नवे बारा सेकंद सुरू झाले. क्यूब देताना बटण दाबलं की आपल्याला पुढे पुन्हा ताजा डिले मिळतो, ही गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही.

आणखी एक फुकटचा वेळ असतो, तो डाव संपल्यावरचा. पुढच्या डावासाठी सोंगट्या मांडताना घड्याळ थांबलेलं असतं. तेव्हा रेंगाळून चालत नाही, पण हात मांडत असताना डोकं मोकळं असतं. मी तेवढ्यात गुणफलक बघून दोन गोष्टी ठरवते: या गुणांवर गॅमन कुणाला जास्त फळतो, आणि क्यूब आला तर जिंकण्याची किती शक्यता असताना तो घ्यायचा. पैशाच्या डावात पंचवीस टक्के हा साधा हिशोब, सामन्यात मात्र तो गुणांनुसार खाली-वर होतो. आधी ठरलेलं असलं की पाळीच्या वेळी फक्त पटाकडे बघायचं राहतं.

सामना १०-१० वर आला. या टप्प्याला क्यूबचं काम संपतं. गॅमनलाही किंमत नाही, जो डाव घेईल त्याचा सामना. त्यामुळे पाळीतले सगळे सेकंद चालीसाठी मोकळे होतात. माझ्याकडे सहा मिनिटांच्या वर होती, त्यांच्याकडे सव्वा मिनिट.

आता प्रश्न येतो तो असा: समोरच्याचा वेळ संपत आला असताना आपण मुद्दाम भराभर खेळावं का? म्हणजे आपल्या पाळीत त्याला विचार करायला सवड मिळू नये. क्लबात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, घड्याळ हा खेळाचाच भाग, यात गैर काही नाही. नियमांनी तर काहीच हरकत नाही. मला ते जमत नाही, आणि नीतीपेक्षा कारण व्यवहाराचं आहे. समोरच्याला घाई व्हावी म्हणून आपण घाई केली तर सहा मिनिटं जवळ असलेला माणूस सव्वा मिनिटवाल्यासारखा खेळायला लागतो. मी माझ्या चालीनं खेळले.

डाव माझ्या बाजूनं गेला. त्यांच्या दोन सोंगट्या माझ्या एक नंबरच्या घरावर अडकलेल्या आणि मी सगळ्या सोंगट्या अंगणात आणून बाहेर काढायला सुरुवात केली. इथं गंगाजळी उघडली. मागची घरं आधी रिकामी करायची, मागच्या दोन घरांवर सम सोंगट्या ठेवायच्या, पुढचं वाईट दान कुठलं ते बघायचं. दोनदा पाऊण-पाऊण मिनिट दिलं. त्या काळात ते माझ्या पटाकडे बघतही नव्हते, स्वतःच्या अंगणातल्या सोंगट्या बघत होते. पाच सोंगट्या बाहेर गेल्यावर नको ते दान पडलं, एक सोंगटी एकटी उघडी राहिली, आणि त्यांनी ती मारली. तेव्हा त्यांच्या घड्याळावर एकतीस सेकंद होते.

मला वाटलं, आता खरी परीक्षा. मारलेली सोंगटी अडकवून ठेवायची, मागच्या सोंगट्या घरी आणायच्या, दार बंद करायचं, हे काम पाच-सहा पाळ्यांचं आणि नाजूक. एकतीस सेकंदांत कसं करणार? त्यांनी त्या एकतिसांना जवळजवळ हातच लावला नाही. फासे उचलायचे, खळखळवायचे, टाकायचे, आठव्या-नवव्या सेकंदाला सोंगट्या हललेल्या, दहाव्याला बटण. थरथरणारी बोटं सोंगटीपाशी गेल्यावर स्थिर व्हायची. मी बारवर (मारलेली सोंगटी आत येईपर्यंत थांबते ती पटाची मधली पट्टी), दान टाकतेय, आत यायला जागा नाही, बटण. पुढे त्यांचं अंगण पुरतं बंद झालं आणि मला फासे टाकण्यातही अर्थ उरला नाही. त्यांनी बटण दाबलं की मी ते परत दाबायचं, म्हणजे त्यांना नवे बारा सेकंद, एवढीच माझी कामगिरी. माझ्या पाचाऐवजी दहा सोंगट्या बाहेर असत्या तर निम्मी-निम्मी संधी होती. पाचांवर फारशी काही नसते. सामना त्यांनी जिंकला. त्यांच्या घड्याळावर तेव्हा सव्वीस सेकंद होते. माझ्याकडे चार मिनिटांच्या वर शिल्लक.

सोंगट्या आवरताना मी विचारलं, शेवटी काही मोजत होता का? म्हणाले, “सगळं तुझ्या वेळात मोजून झालं होतं. तू बाहेर काढत होतीस तेव्हा मी फक्त हेच बघत होतो, की मारली तर पुढे कसं.” मग कॉफी आणायला गेले.

घरी आल्यावर सराव बदलला. आता घड्याळावर मिनिट एकच लावते, डिले बारा, आणि पटावर मारलेली सोंगटी बंद करायच्या स्थिती मांडून मुलाबरोबर खेळते. तो कॉलेजात गेलाय, आला की खेळतो, आणि आता त्याला चालीही कळतात, ही एक पंचाईतच झाली आहे. समोरचा बाहेर काढत असताना आपण काय बघायचं याची माझी यादी तयार होते आहे: कुठलं घर आधी भरायचं, कुठली सोंगटी राखून ठेवायची, कुठल्या दानाला दोन चाली आहेत आणि त्यातली कुठली घ्यायची.

त्याच स्पर्धेत दुसऱ्या दिवशी सकाळी हरलेल्यांच्या फेरीतला माझा सामना होता, सात गुणांचा, १४ मिनिटांचा. समोर शिकागोचा एक तरुण, फटाफट खेळणारा. ४-४ वर त्यानं क्यूब दिला. हल्ल्याची स्थिती, माझ्या दोन सोंगट्या बारवर, त्याच्या अंगणात चार घरं बंद. तिथं मी घड्याळाकडे न बघता बसले. आत येण्याच्या शक्यता मोजल्या, गॅमनच्या मोजल्या. आमच्या ४-४ वर गॅमन गेला तर चार गुण, म्हणजे सामनाच गेला. तीन मिनिटांच्या आसपास लागली. क्यूब परत केला, तो एक गुण त्याला दिला आणि पुढच्या डावाच्या सोंगट्या मांडायला घेतल्या. सामना ७-५ नं माझा झाला, घड्याळावर पाच मिनिटं बाकी होती.